पाच ओळी तपासून परत

वसमत तालुक्यातल्या एका शाळेत मी इंग्रजी शिकवतो. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. लग्नाची पत्रिका असो, दवाखान्याची पाटी असो, नाहीतर एसटीत समोर बसलेल्या माणसाचा टी-शर्ट, माझी नजर आधी स्पेलिंगवर जाते. बायको थट्टेनं म्हणते, "तुमी माणूस बघतच न्हाई, त्याच्या अंगावरचं वाचता." पूर्वी मी हसायचो.

दहावीच्या मुलांना मी एक नियम घालून दिला होता. रोज संध्याकाळी फोनवर इंग्रजीत पाच ओळी पाठवायच्या, आज काय झालं ते. मी स्क्रीनवर बोटानं लाल खुणा करून त्या परत पाठवायच्या. अट एकच, मला मराठीत एक अक्षरही लिहायचं नाही. मराठीत आलेला निरोप मी तसाच सोडून द्यायचो. कडक राहिल्याशिवाय इंग्रजी येत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. निकाल चांगला लागायचा, त्यामुळं मला कोणी काही बोलायचंही नाही.

लेकरं भारी चलाख. ज्या ओळी बिनचूक येतात त्याच लिहायची. गावात बाग नाही, तरी अर्धा वर्ग रोज बागेत फिरून यायचा. एकाचा काका महिन्याभरात तीनदा वारला, कारण ते वाक्य त्याला पाठ होतं. मी चालू द्यायचो. वाक्य खरं आहे का, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. ते बरोबर आहे का, एवढंच मी बघायचो.

त्या वर्गातली एक मुलगी दहावी झाल्यावरही ओळी पाठवत राहिली. आई-वडील कुरुंद्याकडं हळदीच्या कामाला मजुरीनं जाणारे. बारावीनंतर तिला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला. शिकायला गाव सोडणारी त्यांच्या घरातली ती पहिलीच. निघायच्या आदल्या दिवशी मायलेकी पेढे घेऊन आल्या. आई म्हणाली, "सर, तुमच्याकडं बघून धाडून राहिलो. तिकडं आमचं कुणी न्हाई. लक्ष असू द्या."

मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "काळजी करू नका. तिचं लिहिलेलं रोज माझ्याकडं येतंच."

पहिला महिनाभर हॉस्टेल, जेवण, पांढरा गणवेश असं येत राहिलं. मग ओळी बदलल्या. खोलीतल्या मुली माझ्याशी बोलत नाहीत. माझ्या बोलण्याची नक्कल करतात. मॅडमनं काही विचारलं तर तोंडातून शब्द फुटत नाही. मी जेवायला सगळ्यांच्या शेवटी जाते, म्हणजे एकटी बसलेली कोणाला दिसत नाही. हे सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत होतं. मी क्रियापदं नीट केली, सुटलेले शब्द घातले, दोन तुटक वाक्यं जोडून एक केलं आणि खाली शेरा दिला की शैली सुधारत आहे. शेवटच्या पाच ओळींत तिनं विचारलं होतं, सर, मी घरी परत आले तर चालेल का. प्रश्नचिन्ह द्यायचं राहिलं होतं. ते मी दिलं आणि परत पाठवलं.

त्यानंतर ओळी बंद झाल्या. परीक्षा असेल, असं मी धरून चाललो.

दीडेक महिन्यानं शाळेत कोणीतरी सहज बोललं की ती पोरगी कॉलेज सोडून आली. मी शाळेच्या पायरीवर बसलो, फोन काढला आणि तिच्या ओळी वाचल्या. आजवर त्या फक्त तपासल्या होत्या. मला माझीच लाज वाटली. तिथूनच कॉलेजला फोन लावला. तिचं नाव कमी झालं होतं आणि जागा दुसऱ्या मुलीला गेली होती.

शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. समोरच्या मोकळ्या जागेत शेतमालकाची शिजवलेली हळद वाळत घातली होती. दोघी मायलेकी ती हातानं वरखाली करत होत्या. आईनं लगबगीनं खुर्ची आणली. म्हणाली, "तुमचा काही दोष न्हाई सर. तुमी तर रोज तपासून देत व्हता." ती हे अगदी मनापासून बोलत होती आणि मला खुर्चीत बसवेना.

मी मुलीला विचारलं, "काहून फोन केला न्हाई बाई? सरळ मराठीत सांगायचं."

"मराठीतलं तुमी बघत न्हाई ना, सर."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नियम तसाच होता आणि ती तो पाळत आली होती. मी म्हणालो, "माझं चुकलं. तू काय लिहिलंस ते मी वाचलंच न्हाई."

तिचे हात थांबले. ती माझ्याकडं बघत राहिली, आईकडंही तिनं एकदा बघितलं.

"वाचलं न्हाई?" ती म्हणाली. "मला वाटलं, सरांनी एक-एक शब्द बघितला. परत येऊ का, असं इचारलं, तर तुमी नको म्हणला न्हाईत. म्हणून मी बॅग भरली, सर."