दहाचा भाव

"दहा हाय, घे लिहून!" दोन्ही हातांची बोटं माझ्या नाकासमोर नाचवत मावशी म्हणायची.

अशी मावशी तुम्हीही पाहिली असेल. सातपाटीची कोळीण, अंबाड्यात फूल, समोर पापलेटची पाटी. तिचा कॅन्सर मणक्यात उतरला होता, पायात सारखी आग व्हायची. मी पालघरहून घरोघरी जाऊन अशा रुग्णांना बघणारी नर्स. प्रत्येकाला विचारायचं, शून्य ते दहापैकी किती दुखतं?

मी दहा लिहून घेतलं. डॉक्टरांनी मॉर्फिन वाढवलं. मावशी दिवसभर झोपून, आणि डोळे उघडले की पायातली आग आहेच. मला बघताच कडाडली.

"दहा सांगितलं तर दहाच लिहितेस? तू पाच म्हणायचं, मी सातावर आले असते! बाजारात कदी गेलीस की नाय?"

मला हसू आवरेना. मग तिनं माझा हात धरला.

"सून नवी हाय गो बाय. तिला अजून गिऱ्हाईक ओळखता येत नाय. मला तिच्या बाजूला बसायचंय, डोळे उघडे ठेवून. मग देवानं खुशाल न्यावं."

डॉक्टर स्वतः आले. मॉर्फिन कमी केलं आणि नसांच्या दुखण्यासाठी मेथाडोनचा अगदी लहान डोस जोडीला दिला. "दोन्ही थोडी थोडी. आपल्या मनानं काही वाढवायचं नाही," त्यांनी बजावलं. मी रोज जाऊन तिचा श्वास, झोप बघत होते. मावशीचं आपलं चालूच, "एवढंसं औषध! मांजराला तरी पुरेल का?"

पण पुरलं. काही दिवसांत मावशी बाजारात, खुर्चीवर, पाठीला उशी. "अगो, ती बाई पर्स उघडून उभी हाय, भावात उतरू नको!" सून ऐकत होती.

"किती दुखतंय मावशी?"

"तीन."

"दोन कर की!"

"नाय. आजचा भाव पक्का हाय."

मला इतका आनंद झाला की भर बाजारात मी तिला मिठी मारली, मासळीच्या पाण्यासकट.

मासेमारीची पावसाळी बंदी लागेपर्यंत ती बसली. गणपतीच्या आधी गेली, घरीच, सुनेचा हात धरून. फार आठवण येते तिची.

परवा सातपाटीला गेले होते. मावशीच्या जागी सून. पापलेटचा भाव ऐकून माझे डोळे पांढरे झाले, पण तिचं ठाम तोंड बघून मी गुपचूप पैसे काढले. तिनं कपाळावर हात मारला.

"अहो ताई, तुमी कमी करा म्हणाल म्हणूनच ना वाढवून सांगितला!"