कॅमशाफ्ट कंपनीचाच होता

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि आता लिहितोय ते देवनागरीत — आमच्या तंजावरच्या घरात ही लिपी वाचणारा मी एकटाच उरलोय. मुलांना मराठी कळते, वाचता येत नाही. म्हणजे सांगतोय तेही लपूनच, नाही का?

पॉलिटेक्निकमध्ये मी मोटारींची इंजिनं शिकवायचो. जुन्या फ्लॅटहेड इंजिनांतला — ज्यांचे वाल्व्ह वर हेडमध्ये नसतात, खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी बसतात — मी जाणकार, असं लोक म्हणायचे. आतला कॅमशाफ्ट, म्हणजे वाल्व्ह उचलणारा दांडा, कंपनीचा की मागाहून बाहेरचा घातलेला, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो अशी ख्याती होती. ती पसरवली कुणी? मीच.

तिरुवैयारुला एक डॉक्टर होते. त्यांच्याकडे वडिलांची जुनी मोटार होती आणि मुलीला त्याच मोटारीतून लग्नमंडपात न्यायचं त्यांच्या मनात होतं. इंजिनाचं काम मुरुगेसनकडे होतं. पापनाशमचा मेकॅनिक, शाळा अर्ध्यावर सुटलेली, पण हात — तसा हात मी दुसरा पाहिला नाही. डॉक्टरांनी मला फक्त मत द्यायला बोलावलं. मी चालू इंजिनाला कान लावला आणि सांगून टाकलं, कॅमशाफ्ट कंपनीचाच आहे.

मुरुगेसन हळूच म्हणाला, "सार, एकदा डायल लावून मोजू या. वाल्व्ह जरा जास्त उचलला जातोय असं वाटतं."

बाजूचं झाकण काढून मोजायला कितीसा वेळ लागला असता? पण डॉक्टर बघत होते — आणि मी बोलून बसलो होतो.

"मला शिकवतोस?" मी म्हणालो.

कंपनीच्या पुस्तकात वाल्व्हला किती फट ठेवायची ते दिलेलं असतं. तो आकडा मी कागदावर लिहून दिला. मुरुगेसननं तो तंतोतंत पाळला.

लग्नाच्या सकाळी, मंडपाच्या अलीकडे, कालव्याच्या पुलावर मोटार धडधडून बंद पडली. नवरी उतरून दुसऱ्या गाडीत बसली, रडत. डॉक्टर सगळ्या पाहुण्यांसमोर मुरुगेसनला नको ते बोलले. तो नवीन वेष्टी नेसून आला होता, लग्नाला म्हणून. खाली मान घालून उभा राहिला. मी पाच पावलांवर होतो.

पुढे इंजिन मी माझ्या वर्कशॉपमध्ये उघडलं. एक्झॉस्टचे दोन वाल्व्ह कडेला जळलेले. कॅमशाफ्ट बाहेर काढला — लोबांच्या, म्हणजे वाल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यांच्या, मधला दांडा लेथवर साफ केलेला, गुळगुळीत. कंपनीचा तिथे ओबडधोबड असतो. टोकाला कुणाची तरी खूण ठोकलेली. डायल लावला, लिफ्ट — वाल्व्ह जितका उचलला जातो ती उंची — जास्तच. अशा कॅमला फटही जास्त लागते. माझ्या आकड्यानं वाल्व्ह पुरते बसतच नव्हते. म्हणून जळले.

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, चूक कुणाची? मी म्हणालो, "वाल्व्ह नीट बसवले नव्हते." एवढंच. नाव घेतलं नाही — घ्यायची गरज होती का?

दोन दिवसांनी मुरुगेसन आला. दारातच उभा राहिला. "लिफ्ट मोजलीत का, सार?"

"मोजली. कंपनीचाच होता."

कॅमशाफ्ट माझ्या मागे टेबलावर होता, फडक्याखाली. त्यानं फडक्याकडे पाहिलं की नाही, मला ठाऊक नाही. "सरि, सार," म्हणाला — बरं, एवढंच — आणि गेला. त्यानंतर त्याला कुणी जुनी मोटार दिली नाही. तो पापनाशमच्या बसस्टँडजवळ मोपेड दुरुस्त करू लागला.

मला सवड नव्हती असं नाही. पापनाशमची बस दर थोड्या वेळानं सुटते. मी बारा वर्षं त्या बसमध्ये बसलो नाही.

गेल्या महिन्यात कुंभकोणमहून येताना माझी स्कूटर नेमकी तिथेच बंद पडली. त्यानं मला स्टूल दिलं, कार्बोरेटर साफ केला. शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला माझ्याकडे हात करून सांगितलं, "जुन्या इंजिनांत सारांचा शब्द शेवटचा."

थट्टेचा सूर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी स्कूटरला किक मारली आणि घरी आलो.