एका डोळ्याची होडी

लोकांनी मला आजवर जी जी भुते दाखवली, ती जवळ जाऊन पाहिल्यावर वाळत घातलेले धोतर, मांजर किंवा दारुडा निघाली. पनवेलच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो, त्यामुळे असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणे मला शोभलेही नसते. तरी हे लिहितो आहे... हसायचे तर खुशाल हसा.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. गरीब देशांतल्या मुलांचा कॅन्सर वेळेत कळावा म्हणून पदरमोड करून हिंडणारी मार्था नावाची एक परदेशी डॉक्टरीण आमच्या शाळेत तपासणीला आली होती. मी दुभाष्या. अर्धी सकाळ हारतुऱ्यांत गेली. बालके ही राष्ट्राची संपत्ती आहेत, असे अध्यक्ष बराच वेळ सांगत होते आणि संपत्ती बाहेर रांगेत उन्हात रडत होती.

त्या रांगेत करंजाच्या कोळीवाड्यातली सखू होती, कडेवर चार वर्षांची पारू. पोरीच्या डाव्या बुबुळात पांढरी चमक, मांजरीच्या डोळ्यासारखी. मार्थाने टॉर्च मारून पाहिले. डोळ्यात गाठ होती. डोळा लगेच काढला तर मूल वाचेल. गाठ मेंदूकडे सरकली तर नाही. मी हे मराठीत सांगितले तशी सखू पोरीला घेऊन निघूनच गेली.

दुसऱ्या सकाळी एसटीने आम्ही करंजा गाठले. सखूचा सासरा बामा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, समुद्रात निघायच्या तयारीत होता. होडीच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी डोळे रंगवायची त्या घराची रीत. पारूच्या डोळ्यात चमक आल्यापासून मासळी भरघोस मिळू लागली, म्हणून हल्ली निघताना पोरीला होडीसमोर धरायचे. तेही मी पाहिले. होडीचे दोन्ही डोळे ठसठशीत होते.

“मास्तर, तो डोला देवीआईनं दिलाय,” बामा म्हणाला. “काढू देनार नाय.”

“बाबा, डोळा ठेवलात तर पोर जाईल.”

“तुमच्या मडमेला सांगा, पोर आमची हाय.”

आपल्या दोन्ही मुलग्यांना घेऊन तो समुद्रात गेला. आम्ही किनाऱ्यावर बसून राहिलो. मुंबईच्या इस्पितळात मार्थाने खाट धरून ठेवली होती. मोरा बंदरातून मुंबईला सुटणारी दुपारची लाँच चुकली तर खाट दुसऱ्याला जाणार होती. आणि सासऱ्याच्या शब्दाबाहेर जायला सखू तयार नव्हती.

दुपारी लांबवर शिडे दिसू लागली. पारू आईच्या मांडीवर सुकट चघळत होती. एकदम म्हणाली, “आये, आपल्या होरीचा डोला गेला.”

सखूने तिचे तोंड दाबले. त्यातली बामाची होडी कुठली, हेसुद्धा मला तेवढ्या लांबून ओळखता येत नव्हते.

होडी किनाऱ्याला लागली. उजवा डोळा जागेवर होता. डावीकडे नुसते लाकूड. मी हात फिरवून पाहिला... खरवडल्याची खूण नाही, रंगाचा कण नाही.

“कशाला घासली का रे?” मी बामाच्या थोरल्याला विचारले.

“नाय ओ. भर दर्यात कोन पुसाया येनार?” तो म्हणाला, आणि बापाकडे बघायचे त्याने टाळले.

बामा त्या कोऱ्या लाकडासमोर उभा राहिला. मासळी होडीतच पडून होती.

“एका डोल्यानं होरी घरला आली,” तो शेवटी म्हणाला. “पोर पन येल. न्या.”

“काय म्हणाले?” मार्थाने विचारले.

“हो म्हणाले,” मी सांगितले. बाकीचे मला इंग्रजीत जमले नसते.

लाँच मिळाली. डोळा काढला. गाठ अजून डोळ्याबाहेर पडली नव्हती, पण फार दिवस आतही राहिली नसती, असे डॉक्टर म्हणाले.

रंग कच्चा असेल, लाकूड तेलकट असेल, असे मी बरीच वर्षे स्वतःला समजावले. पण नारळी पौर्णिमेच्या आधी बामाने उरलेल्या त्याच रंगाने, त्याच लाकडावर पुन्हा डोळा काढला. तो टिकला. खाऱ्या पाण्यात, पुढचा सगळा हंगाम टिकला. पारू आता तिशीच्या पुढे आहे. तिला विचारले तर तिला त्या दुपारचे फक्त सुकट आठवते.