एक हात अंतर

डहाणूच्या आमच्या फुग्यांच्या कारखान्यात पाहुणे आले की शेठ त्यांना फुग्यांच्या आधी इलेक्ट्रिक पॅनेल दाखवत. दार उघडलं की आत वायरींची एकच जाडजूड जुडी, दर चार बोटांवर जाळ्याच्या दोऱ्याची गाठ आणि सगळ्या गाठी एका रेषेत. बांधणारे आमचे इलेक्ट्रिशियन काका जवळच्याच नरपड गावचे, बापाबरोबर मासेमारीची जाळी विणत मोठे झालेले. वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना ते हात लावत नसत. "उन्हात तडकतात त्या," म्हणायचे. पॅनेलमध्ये कुठलं ऊन? पण मी एवढी भांडकुदळ, तरी त्यांच्याशी वाद घालायची माझी बिशाद नव्हती. दुसऱ्या कुणी मारलेली वाकडी गाठ दिसली, की काका ती सोडून पुन्हा मारत.

२०१६ साली फुगे भाजायच्या भट्टीचं तापमान आणि त्याच्या नोंदी माझ्याकडे होत्या. मोटरचा वेग कमीजास्त करणारा नवा ड्राइव्ह माझ्याच हट्टाने बसला. त्याची केबल काकांनी जुन्या जुडीतच घेतली. "एकटीच लोंबत ठेवायची? पोरकी हाय काय ती?"

पंधरा दिवसांत भट्टी बिघडली. मोटरने वेग घेतला की तापमान एकदम भलतंच, सातशे अंश दाखवायचं, कंट्रोलर हीटर बंद करायचा आणि फुगे कच्चे राहून चिकट निघायचे. कॉम्प्युटरच्या नोंदीतही तेच सातशे. माल घेणाऱ्याला ती नोंद लागायची.

"बेन, ते खोटे आकडे पुसून टाक ना," शेठ म्हणाले.

"पुसायलाच ठेवलं असेल तर मला झाडू-फडकं द्या," मी म्हटलं. त्यावर शेठही चिडले. आठवड्यात दुरुस्त झालं नाही, तर बाहेरची पार्टी बोलावून पॅनेल नव्याने करून घेणार, म्हणाले. ती पार्टी कटर घेऊनच आली असती, आणि जुडी कापलेली बघून काका दुसऱ्या दिवशी कामावर आले नसते.

दुखणं कुठे आहे ते मला केव्हाच कळलं होतं. मोटरची केबल आणि तापमान मोजणारी बारीक वायर एकमेकींना चिकटून पंधरा फूट चालल्या होत्या, आणि मोटरच्या केबलमधला विजेचा गोंगाट बारीक वायरीत शिरत होता. तरी पाच दिवस मी सेन्सर बदलला, अर्थिंग तपासलं, फिल्टर लावला. काकांचा चेहरा पडलेला मला बघवला नसता.

सहाव्या दिवशी काकांना दुसरी बारीक वायर जुडीबाहेर, लांबून टाकून दाखवली. मोटर पूर्ण वेगात, आकडा जागचा हलला नाही.

"म्हणजे माझ्या बांधण्यानं झालं, मॅडम." मॅडम ते फक्त रागावले की म्हणत.

"तुमची जुडी इतकी वर्षं नीट चालली, काका. गोंगाट करणारा ड्राइव्ह मी आणला."

मी कटर उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. "कापायची नाय. मारलेली गाठ सुटते पण."

पॅनेल बंद करून दुपारपर्यंत ते एकेक गाठ सोडत बसले, मी दोरा गुंडाळत होते. मग त्यांनी विचारलं, "किती लांब ठेवायच्या?"

"तीस सेंटीमीटर तरी."

त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात भिंतीला लावून खूण केली. "एक हात धर. आन् एकमेकींना ओलांडायचं झालं तर?"

"काटकोनात. बरोबरीने चालायचं नाही."

"म्हणजे रामराम करायचा आन् पुढे जायचं," म्हणाले आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

मोटरची जुडी त्यांनी बांधली. बारीक वायरींसाठीचा दोरा माझ्या हातात दिला. "ही तू बांध, पोरी. मी गेल्यावर पट्ट्या लावशील नायतर." माझ्या गाठी एक वर, एक खाली. नोंद मात्र त्या दिवसापासून सरळ आली. आधीचे सातशे मी नोंदीत तसेच राहू दिले.

दोन वर्षांनी काका निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळं पॅनेल फडक्याने पुसलं. स्वतःच्या जुडीतल्या दोन सैल गाठी सोडून पुन्हा मारल्या. मग माझ्या वाकड्या गाठींवरून हळूच फडकं फिरवलं, आणि त्यातली एकही न सोडता दार लावून घेतलं.