गुऱ्हाळ ते संसदेची समिती: गप्प राहून केलेला दिल्लीचा प्रवास

या ब्लॉगवर मी आजवर गगनबावडा, दाजीपूर, गोकर्ण असं बरंच लिहिलं, आणि घरी पोचले की दुसऱ्याच दिवशी लिहिलं. ही एकच पोस्ट कित्येक महिने पोटात ठेवली. का ठेवली ते पुढे येईलच. त्यावरून गावातल्या काहींनी मला काय काय ऐकवलं तेही येईल, कारण मी ते विसरलेले नाही.

गडमुडशिंगीच्या शिवारात आमचं गुऱ्हाळ आहे. नवरा, मी आणि सासरे आबा मिळून चालवतो. मागच्या हंगामाच्या तोंडावर संसदेत एक विधेयक आलं. त्यातलं एक कलम असं, की गूळ करणाऱ्या प्रत्येकाने साखर कारखान्यासारखाच परवाना घ्यायचा आणि स्वतःच्या जागेत तपासणीची प्रयोगशाळा उभारायची. आमच्याकडे रस आटवायची एक काहील, तिच्याखाली एक चुलवाण आणि वर पत्रा. प्रयोगशाळा काय चुलवाणावर बांधू? हे कलम पास झालं तर आमचं गुऱ्हाळ बंद, इतका सरळ हिशेब होता. विधेयक संसदेच्या एका समितीकडे गेलंय आणि समितीने लोकांचं लेखी म्हणणं मागवलंय, हे मला मोबाइलवर वाचताना कळलं. चार पानं लिहून पाठवली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं: तोंडी साक्षीसाठी दिल्लीला या.

"ऐन हंगामात कुठं जातीस? तिथं कोण ऐकतंय आपलं?" नवरा म्हणाला.

"कोण ऐकत नाही ते बघायलाच जाते," मी म्हटलं. आबांनी तोवर माझ्याबरोबर यायला ट्रंकेतनं धुतलेलं धोतर काढलं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: कोल्हापूरहून निजामुद्दीनला थेट गाडी आठवड्यातून एकदाच सुटते. आमच्या तारखेला ती जुळेना, म्हणून मिरज गाठली आणि तिथून दिल्लीची रोजची गाडी धरली. स्लीपरचं तिकीट माणशी हजाराच्या आत बसतं, पण आधी काढा, नाहीतर दारात बसून जावं लागेल. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा खर्डा होता. तो भोपाळच्या अलीकडेच संपला. पुढची रेल्वेची भाजी तिखटाशी भांडण झाल्यासारखी होती.

मनमाड मागे पडल्यावर आबांनी विचारलं, "दोन सभागृहं हायत म्हणतीस. मग ही समिती कुणाची?"

"दोन्हींची मिळून. एकतीस जण. एकवीस लोकसभेचे, दहा राज्यसभेचे. अशा बऱ्याच समित्या आहेत आबा, सगळी खाती त्यांच्यात वाटून दिल्यात. काहींचा कारभार लोकसभा बघते, काहींचा राज्यसभा. दरवर्षी नव्याने नेमतात. आणि मंत्र्याला त्यात बसता येत नाही."

"मंत्री न्हाय? ह्ये बेस केलं." आबा खुशीत आले. "म्हंजी ह्यांनी कलम काढा म्हटलं की निघालं?"

"नाही. समिती फक्त शिफारस करते. सरकारवर ती बंधनकारक नसते."

आबांचा चेहरा उतरला. "मग आपुन कशाला चाललोय?"

मला त्यांचा राग आला, कारण हाच प्रश्न मिरजेपासून माझ्याही डोक्यात होता. म्हटलं, "सभागृहात आपल्याला बोलता येत नाही आबा. तिथं फक्त खासदार बोलणार. तुमच्या-माझ्यासारख्याला तोंड उघडायला एवढी एकच खोली ठेवलीय. ती पण सोडायची?" आबा म्हणाले, "न्हाय सोडायची."

दिल्लीत करोलबागेत साध्या लॉजवर उतरलो. खोली परवडणारी, गरम पाणी बादलीने. थंडी मात्र हाडात शिरणारी, स्वेटर दोन घ्या. सकाळी मेट्रोने केंद्रीय सचिवालय स्टेशनला उतरून चालत गेलो. बैठक संसदेशेजारच्या मोठ्या इमारतीत होती. पास, फोटो, ओळखपत्र, मोबाइल जमा, असं एकेक करत पुढं सरकलो. शेवटच्या तपासणीला आबांच्या पिशवीतनं गुळाची ढेप निघाली. मला पत्ताच नव्हता.

"मोकळ्या हातानं कुणाच्या दारात जात्यात व्हय?" आबा माझ्यावरच खेकसले.

शिपाई म्हणाला, "बाबाजी, ये अंदर नहीं जाएगा."

"खा के बघो, फिर बोलो," आबा म्हणाले. शिपाई काही खाईना. ढेप काउंटरवर ठेवून आम्ही आत गेलो.

आतलं दृश्य मला अजून आठवतं. अर्धगोल टेबल, प्रत्येकापुढे नावाची पाटी, ना कॅमेरा, ना प्रेक्षक. टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोन पक्षांचे दोघे शेजारी बसून एकाच बशीतली बिस्किटं खात होते. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. एक तृतीयांश सदस्य आले की बैठक भरते म्हणे. ज्या कलमाने माझी झोप उडाली होती त्याबद्दल ऐकायला सदस्यांना सवड नव्हती, याचा मला संताप आला, आणि त्या संतापाने भीतीच गेली.

मराठीत बोलणार हे मी आधीच कळवलं होतं, दुभाषीही हजर होता. तरी एक सदस्य म्हणाले, "हिंदी में बोल दीजिए, समय बचेगा."

मी म्हटलं, "साहेब, गूळ मी मराठीत करते. सांगणार पण मराठीतच." दुभाष्याने हे जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण समितीच्या अध्यक्षबाई हसल्या आणि म्हणाल्या, बोला.

मी कलम वाचलं, आमचं गुऱ्हाळ सांगितलं, कारखाना आणि काहील यांतला फरक सांगितला. दुसऱ्या एका सदस्यबाईंनी रोखून विचारलं, गुळाला रंग यावा म्हणून रसायन घालतात, हे खरं की नाही? प्रश्न वाजवी होता. मी म्हटलं, घालतात. काही जण घालतात. भेसळीला कायदा आहे, तो वापरा, आमचाही गूळ तपासा.

आबांना राहवेना. "पाप करतोय त्याला धरा की. सगळ्यांच्या चुली कशाला इझवताय?" दुभाषी क्षणभर अडला, मग त्याने तेही सांगितलं.

निघताना अध्यक्षबाईंनी बजावलं: अहवाल सभागृहात सादर होईपर्यंत इथलं बोलणं गोपनीय. बाहेर फोडलं तर सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग.

पायऱ्या उतरताना आबा म्हणाले, "मग गावात काय सांगायचं?"

"दिल्लीत थंडी होती, एवढंच."

काउंटरवर ढेप परत मिळाली. तिचा एक कोपरा तुटला होता आणि शिपाई दुसरीकडे बघत होता. परतीच्या गाडीत उरलेली ढेप आबांनी अख्ख्या डब्यात वाटली, पण कुठून येताय असं कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचे.

खरा प्रवास गावात आल्यावर सुरू झाला. शेजारच्या गुऱ्हाळाचा दादू पहिल्याच दिवशी दारात. "वैनी, काय म्हणाले?" मी म्हटलं, सांगता येत नाही. तो आठवडाभर विचारत राहिला, मग विचारायचा थांबला, आणि चहाच्या टपरीवर बोलू लागला: "दिल्लीला जाऊन मिळून आल्यात ती. त्येंना परवाना गावला असंल, म्हणून तोंड शिवलंय."

हे कानावर आलं त्या दिवशी मी काहिलीपाशी उभी राहून रडले. चार शब्दांत त्याचं तोंड बंद करता आलं असतं. पण आमची साक्ष वाया जाईल, उद्या कुणी म्हणेल ही माणसं विश्वासाची नाहीत, या भीतीने गिळलं. आबांनी तर टपरीच सोडली. गावभर ज्यांचा आवाज ऐकू यायचा ते घरात कोरा चहा पीत बसायचे. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

गेल्या आठवड्यात अहवाल लोकसभेत सादर झाला आणि राज्यसभेच्या पटलावरही ठेवला गेला. लहान गुऱ्हाळांना या कलमातून वगळावं, अशी शिफारस आहे. मागे दोन सदस्यांची असहमतीची टिपणीही जोडली आहे. जोडू देत, त्यांचा हक्क आहे.

दादू पेढे घेऊन आला. मान खाली. "वैनी, जिकलासा की."

"जिंकलो नाही अजून," मी म्हटलं. "विधेयक दोन्ही सभागृहांत जायचंय. सरकारने ऐकलं नाही तर कलम आहे तिथंच. पेढे ठेव तिकडं आणि आपल्या खासदाराकडे उद्या माझ्याबरोबर चल. टपरीवर जेवढं बोललास तेवढं तिथं बोल."

तो येतो म्हणाला. न येऊन जातो कुठं.

शिफारस ऐकायची की नाही ते सरकार ठरवणार, हे मला ठाऊक आहे. गप्प बसायचं की नाही ते आता मी ठरवणार, म्हणून हे सगळं लिहिलं. मोबाइलवर अहवाल वाचून दाखवला तेव्हा आबांनी एकच विचारलं, "आता बोलू व्हय?"

"बोला," म्हटलं. त्यांनी चपला घातल्या आणि टपरीकडे निघाले. थोड्या वेळाने त्यांचा आवाज गुऱ्हाळापर्यंत ऐकू येऊ लागला.