हानुसला न ऐकू आलेली शिट्टी

उत्तरेकडच्या थंड बेटांवरच्या सांडुर गावात कुणाकडे जुनी कॅसेट निघाली की आवाज कॉम्प्युटरात उतरवायला ती हानुसकडे जायची. तिथल्या रेडिओ केंद्रात त्याने चाळीस वर्षं यंत्रं सांभाळलेली. टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला कुठे जोडायची, आवाज किती चढवायचा, हे त्याच्या बोटांनाच ठाऊक. लोक पैशांऐवजी सुकवलेलं मटण नाहीतर मुरंब्याची बरणी देत.

मार्चमध्ये बिरिता आली. ती चार वर्षांची असताना तिचे वडील ग्रीनलंडकडे मासेमारीला गेले आणि बोटीसकट बुडाले. बोटीवरून त्यांनी घरी धाडलेली एकच कॅसेट उरली होती.

"काका, फीत पार जीर्ण झालीय. जमेल?"

"एकदा वाजली तरी पुरे."

एकदाच वाजली. शेवटी फीत चाकात गुंतली आणि तिचे तुकडे झाले. पण आवाज कॉम्प्युटरात उतरला होता.

तीन दिवसांनी बिरिता परत आली. कॉफी संपली तरी रिकामा कप हातात फिरवत राहिली.

"काय गं, आवाज नीट नाही आला?"

"आलाय. फक्त बाबा बोलतात त्यावर सारखी एक बारीक शिट्टी वाजते. ती काढता येईल?"

हानुसने रेकॉर्डिंग लावलं. "कुठाय शिट्टी?"

"आत्ता वाजतेय की, काका."

त्याने कान स्पीकरला टेकवला. बिरिताने मान खाली घातली.

मग तिला शेजारी बसवून, तिच्या कानांनी, त्याने शिट्टी गाळून पाहिली. शिट्टी गेली, पण वडील गोधडीखालून बोलल्यासारखे वाटायला लागले.

"राहू द्या," ती डोळे पुसत म्हणाली. "शिट्टीसकटच ऐकेन."

म्हाताऱ्या फ्रियाचीही कॅसेट त्याने मागे उतरवून दिली होती. दुसऱ्या दिवशी हानुस तिच्या दारात उभा राहिला. "खरं सांग. तुला उतरवून दिलेल्या आवाजावर शिट्टी आहे?"

"असू दे रे. इतक्या मायेनं केलंस."

"कधीपासून?"

"नवी वायर आणलीस ना, तेव्हापासून सगळ्यांच्याच रेकॉर्डिंगवर. दोन वर्षं झाली. सगळ्यांनाच ऐकू येते. तुला सांगायचं कुणी?"

"सांगायचं होतंस गं! वायर बदलली असती, पुन्हा केलं असतं."

"मूळ कॅसेट मी टाकून दिली, हानुस."

आणखी आठ घरं तो फिरला. सहा घरांत हेच: शिट्टी होती, मूळ कॅसेट नव्हती. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं, असं त्याला वाटत राहिलं.

घरी टेबलावर चार कॅसेट वाट पाहत होत्या. त्या पिशवीत भरून तो ज्याच्या त्याच्या घरी परत देऊन आला. "माझे कान गेले," एवढंच प्रत्येक दारात सांगितलं.