माझ्या नावापुढं ‘गैरहजर’

“ए रिपेरिंगवाली, इकडं ये जरा.”

सरकारी संशोधन केंद्राच्या व्हरांड्यात आम्ही सगळे मुलाखतीला बसलेलो. नवा धंदा उभा करणाऱ्यांना तिथं जागा मिळते, यंत्रं मिळतात, आपल्या सर्किटची चिप बनवून मिळते. हाक मारणारे साहेब केंद्राचे प्रमुख. माझ्या अर्जावर पूर्ण नाव होतं. पण पडेगावला मी मोबाईल दुरुस्त करते, तेवढंच त्यांच्या ध्यानात राहिलेलं.

आतल्या खोलीत एका बड्या कारखानदाराच्या मुलाचं सर्किट ऐन वेळी बंद पडलं होतं. माझ्याहून लहान पोरगा. त्याला अहो-जाहो, मला ए!

“पाच मिनिटांचं काम आहे,” साहेब म्हणाले. “तुम्हा लोकांचा हात बसलेला असतो.”

तुम्हा लोकांचा. कोणत्या लोकांचा, ते मला कळलं. आमचं आडनाव वाचलं की माणसं अशीच बोलतात. तरी मी गेले. वाटलं, साहेब खूश झाले तर निवड होईल. लाचारी, दुसरं काय! आजही त्या जाण्याचा लई राग येतो मला.

एक जोड सुटला होता. सोल्डर केला. दिवा लागला. बाहेर आले, तर यादीत माझ्या नावापुढं ‘गैरहजर’. मी आत त्यांचंच काम करत होते, तेव्हा माझं नाव पुकारून झालं होतं.

“सर, मी तर तुमच्यासमोरच बसले होते.”

ते हसले. “चिप डिझाइन म्हणजे डोक्याचं काम. तू आता ज्यांचं सर्किट जोडलंस, त्यांच्याकडं कामाला लाग. मी सांगतो त्यांना.”

डोक्याचं काम! विहीर आटली की मोटर कोरडी फिरून जळती. त्याआधीच ती बंद करणारं सर्किट मी तीन वर्षं खपून जमवलंय. फुलंब्रीकडं चार विहिरींवर चालू हाय ते. त्याची चिप झाली तर कुणालाही परवडेल. तेवढ्यासाठी तर अर्ज केला होता.

तोंडात ‘व्हय साहेब’ आलं होतं. जन्माची सवय. गिळलं.

“नाय लागणार कामाला,” मी म्हणाले. “गैरहजर खोडा. मी हजर होते. कुठं होते तेही लिहा.”

“आवाज खाली. पुढच्या फेरीला ये.”

मी टेबलावरची यादी ओढली. काट मारली. लिहिलं, ‘हजर. साहेबांनी दुसऱ्याचं सर्किट दुरुस्त करायला बसवलं होतं.’ खाली सही, आडनावासकट. शिपाई धावत आला, तोवर फोटोही काढला.

मुलाखत झाली नाय ती नायच. पुढच्या फेरीला मी जाणार. त्याच्या पुढच्याही. अर्ज तोच, आडनाव तेच. आणि माझ्या सर्किटचं ऐकून घेतल्याशिवाय तिथल्या एकाही तारेला मी हात लावणार नाय.